हब, मागचा (सायकल)

सायकलच्या मागच्या चाकाचा मध्यभाग. पुढचा हब नुसता फिरतो. मागच्याला साखळीची ओढ चाकापर्यंत पोचवायची असते, पायडल थांबले की चाक मोकळे सोडायचे असते आणि स्वाराच्या वजनाचा मोठा वाटाही पेलायचा असतो. म्हणूनच सायकल हलकी चालते की जड, हे बरेचसे इथेच ठरते.

एक्सलवर दोन कोन, हबच्या कवचात दोन कप आणि त्यांच्यामध्ये छर्रे, ही जुनी बांधणी अजून टिकून आहे. साध्या काळ्या सायकलीत मागे दर बाजूला पाव इंची 9 छर्रे बसतात. कोन जास्त आवळला तर त्यावर खड्डे पडतात, सैल राहिला तर चाक डुलते. पारख अशी: साखळी उतरवून चाक उचलावे, व्हॉल्व्ह आडवा आणून सोडून द्यावा. तो आपल्या वजनाने खाली येऊन झुलत झुलत थांबला आणि रिम आडवी हलवल्यावर खटखट लागली नाही, तर बैठक बरोबर आहे.

वडोदऱ्याचा या छर्ऱ्यांशी जवळचा संबंध आहे. जर्मनीतील श्वाइनफुर्ट गावी फ्रीड्रिख फिशरने 1883 साली पोलादी गोळ्या एकसारख्या घासणारे यंत्र केले. त्याच गावात अर्न्स्ट झाक्सच्या कारखान्याने 1903 साली ‘टॉर्पेडो’ हब आणला. मोकळी चाल आणि उलट पायडलने लागणारा ब्रेक त्यात एकत्र होते. फिशरच्या उद्योगातून वाढलेल्या एफएजीच्या सहकार्याने 1962 साली प्रिसिजन बेअरिंग्ज इंडिया ही कंपनी निघाली आणि तिचा कारखाना वडोदऱ्याच्या माणेजा भागात उभा राहिला. आज ती शेफलर इंडिया आहे.

मोकळी चाल देणाऱ्या फ्रीव्हीलमध्ये दाते आणि स्प्रिंगवरच्या खिट्या असतात. कारागीर खिटीला कुत्रा म्हणतात. पकडीच्या 20 जागा असतील तर पायडल मारल्यावर पकड बसेपर्यंत मागची चकती जास्तीत जास्त 18 अंश रिकामी फिरते. पुढे 44 आणि मागे 18 दाते असताना पायाला ही रिकामी चाल फक्त सात-साडेसात अंश जाणवते. वडोदऱ्याच्या सपाट रस्त्यांवर ती लक्षातही येत नाही. पावागडच्या माचीच्या चढावर पुढे-मागे सारखे दाते लावले की मात्र पूर्ण 18 अंश, म्हणजे 170 मिमीच्या क्रँकवर पाच सेंमीहून अधिक, पाय रिकामा जातो. पकडीच्या 36 जागा असल्या तर हे अंतर तीन सेंमीवर येते. तरीही शहरात सायकल चालवणाऱ्याने पैसे आधी चांगल्या बेअरिंगवर घालावेत; जास्त जागांची पकड ही डोंगरवाटांची गरज आहे.

गिअरच्या सायकलीत सहा-सात चकत्यांचे फ्रीव्हील आटे फिरवून बसवले की उजवे बेअरिंग आत सरकते, एक्सलचे टोक आधाराविना राहते आणि वाकते. शिमानोने 1978 साली आणलेल्या फ्रीहबमध्ये बेअरिंग टोकाजवळ गेले आणि हा दोष बराच सरला. चकत्यांना जागा देण्यासाठी उजव्या बाजूचे स्पोक उभे व जास्त ताणलेले असतात. मागच्या चाकात बहुधा तेच आधी तुटतात.

वडोदऱ्यातील विश्वामित्री नदीच्या 2019 आणि 2024 च्या पुरांसारख्या पाण्यात बुडालेला हब वरून पुसून भागत नाही. बंद बेअरिंगची सीलही चिखलाचे शिंतोडे अडवते, पण बुडण्यापुढे तिचा टिकाव लागत नाही. कोन-कपचा हब उघडून रॉकेलने धुवावा, छर्रे नवे घालावेत आणि ताजे ग्रीस भरावे. बंद बेअरिंग खरखरत असेल तर ते अख्खेच बदलावे.