फिरत्या निवाऱ्यातील ऊब

पाल, राहुटी, कोपी, कॅराव्हॅन अशा तात्पुरत्या किंवा हलत्या निवाऱ्यात थंडीत ऊब राखण्याची व्यवस्था. नांदेड-लातूरकडे तिची कसोटी मार्गशीर्ष-पौषात लागते. लोहा तालुक्यातील माळेगावची खंडोबाची यात्रा मार्गशीर्ष वद्यात भरते. घोडे, गाढवे, उंट घेऊन आलेले व्यापारी, तमाशा कलावंत आणि भटक्या जमातींची कुटुंबे तेव्हा उघड्या माळावर मुक्कामाला असतात. याच दिवसांत ऊसतोड कामगार लेकराबाळांसह कोप्यांत राहतात. हवा कोरडी, आभाळ निरभ्र. त्यामुळे दिवसा तापलेली जमीन रात्री भराभर निवते आणि कडाक्याच्या थंडीत पारा १० अंशांखाली उतरतो.

अशा निवाऱ्यात ऊब निर्माण करण्याआधी ती टिकवावी लागते. पांघरुणाइतकेच अंथरूणही जाड हवे, कारण अंगाची ऊब जमीन ओढून घेते. खाली कडबा किंवा उसाचे पाचट, त्यावर गोणपाट, त्यावर वाकळ आणि पांघरायला घोंगडी ही जुनी रचना शास्त्राला धरून आहे. कोरड्या पाचटात अडकलेली हवा उष्णता रोखते. पाचट ओले झाले की हा गुण जातो. दार दक्षिणेकडे ठेवून उत्तरेच्या अंगाला बैलगाडी किंवा सामान लावले की वारा अडतो.

पत्रा या कामी सर्वांत वाईट. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर घरे गमावलेल्या अनेक कुटुंबांना पत्र्याच्या शेडमध्ये राहावे लागले. निरभ्र रात्री पत्रा भोवतालच्या हवेपेक्षाही थंड होतो. श्वासातील वाफ त्यावर आतून जमते आणि पहाटे ठिबकते. कॅराव्हॅनच्या पत्र्याआड फोमचा थर देतात तो यासाठीच.

विस्तव मात्र बाहेरच असावा. शेकोटीला तूर-कापसाच्या पट्ट्यात तुराट्या, पऱ्हाट्या सहज मिळतात. त्या भडकून लवकर विझतात. बाभळीचा निखारा टिकतो. तो शेगडीत भरून आत नेण्याची सवय जिवावर बेतते. निखाऱ्यातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही, त्याला वास नसतो आणि रक्तातील हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. झोपलेल्या माणसाला जागही येत नाही. कोपीत तर ठिणगीने पाचट पेटण्याची भीती वेगळीच. गॅसची शेगडीही निर्धोक नाही: १ किलो गॅस जळताना सुमारे दीड किलो पाण्याची वाफ होते आणि ओल वाढते.

महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले. अशा गाडीत डिझेल हीटर बसवायचा असेल, तर ज्वलनाची हवा बाहेरून घेणारा आणि धूर बाहेर सोडणारा घ्यावा. आत फक्त गरम हवा यावी. तरीही एक झरोका उघडा ठेवावा आणि कार्बन मोनॉक्साइडची सूचना देणारा अलार्म लावावा. डोके दुखू लागले, मळमळले किंवा गुंगी आली, तर सर्वांना ताबडतोब उघड्यावर आणून १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.