वर्तकनगरची लोकर-गिरणी आणि एका पोथीचें बासन

ठाण्याच्या पोखरण मार्गावरील रेमंड लोकर-गिरणीचा वृत्तांत थोडक्यांत सांगावयाचा तर तीन सालें पुरतात. १९२५ मध्यें ती स्थापन झाली, १९४४ मध्यें सिंघानिया घराण्याकडे आली, आणि २००९ मध्यें तिचें काम थांबलें. पुढें त्या आवारांत निवासी इमारती उठल्या. (पोखरण हें मूळ तलावाचें नांव, 'पुष्करिणी' शब्दाशीं त्याचें नातें आम्हांस उघड दिसतें.) परंतु गिरणींतून शेजारच्या वर्तकनगरांत जें नकळत झिरपलें, तें कोणत्या दप्तरांत सांपडणार?

भोंगा हें आमचें घड्याळ होतें, हें सांगावयास नकोच. त्याहून मौज चिंध्यांची. ठाण्यास थंडी ती केवढी! तरीहि चाळींतून करड्या लोकरी तुकड्यांच्या गोधड्या असत. संस्कृतांत 'ऊर्णायु' म्हणजे मेंढा आणि लोकरीची कांबळहि. हा शब्द शिकवितांना आम्हांस दुसरें उदाहरण शोधावें लागलें नाहीं. कापडाच्या किनारीवर गिरणीचें नांव रोमन अक्षरांत विणलेलें असे. त्या पट्ट्या सुतळीच्या जागीं वापरीत, आणि कित्येक मुलांची इंग्रजी मुळाक्षरांशीं पहिली ओळख तेथेंच होई.

संशोधकांच्या कामाची गोष्ट मात्र निराळी आहे. सुमारें तीस वर्षांपूर्वीं एका गिरणीकामगाराच्या घरीं आम्ही अमरकोशाची पोथी पाहावयास गेलों. बासन खारव्याचें नव्हे, सुटिंगच्या तुकड्याचें. वर तीच किनारीची पट्टी गुंडाळलेली. अशी किनार १९२५ पूर्वींची असूं शकत नाहीं. म्हणजे बासन पोथीच्या काळाचें नव्हे, हें आम्हीं तत्काळ ताडलें आणि स्वतःवर खूष झालों. लोकरीस कसर लवकर लागते. म्हणून तें टाकवून पोथी सुती कापडांत बांधविली. पोथीचें शेवटचें पान गहाळ होतें, तेव्हां लेखकाचें नांव नाहीं, शक नाहीं. महिन्याभरानें पुन्हा गेलों असतां घरच्या वृद्ध मातोश्री म्हणाल्या, "मास्तर, त्या कापडाच्या आंत यांनीं चिठ्ठी शिवून ठेवली होती. पोथी कुठल्या गांवची, कोणाकडून आली, तें त्यांत होतें."

कापड केव्हांच कचऱ्यांत गेलें होतें. गांवाचें नांव त्यांस आठवेना. पोथी आजहि त्या घरीं आहे. ती कोठून आली, हें आतां कोणी सांगूं शकत नाहीं.

तेव्हांपासून आमच्या टिपणांत पहिली ओळ बासनाची असते: लांबीरुंदी, वीण, किनारीवरील अक्षरें, शिवणीचे टांके. कसर लागलेलें असल्यास तें निराळ्या डब्यांत जातें, परंतु पोथीच्याच क्रमांकाखालीं. आणि प्रत्येक शिवण आम्ही आधीं बोटांनीं चांचपून पाहतों.