दुकानगाळ्याचा भाडेकरार (अर्नाळा–विरार परिसर)

दुकानगाळ्याचा भाडेकरार : व्यापारी संकुलातील किंवा इमारतीच्या तळमजल्यावरील गाळा ठरावीक मुदतीसाठी वापरायला देण्याचा करार. महाराष्ट्रात तो सर्रास अकरा महिन्यांच्या ‘लिव्ह अँड लायसन्स’ स्वरूपात होतो. १८८२ च्या भारतीय सुविधाधिकार कायद्यानुसार अशा परवान्याने जागेत हितसंबंध निर्माण होत नाही, केवळ वापराची मुभा मिळते. अर्नाळ्यासारख्या किनारी गावात ही मुदत तोकडी पडते. येथील पर्यटकांवरचा धंदा शनिवार-रविवारी फुलतो आणि पावसाळ्यात मंदावतो. फ्रीझर, फळ्या, वीजजोडणी यांचा खर्च एका हंगामात भरून निघणे अवघड असते.

लांब मुदत दिली तर दुकानदार ठाण मांडेल, ही मालकाची भीती निराधार नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ मधील कलम २४ ची जलद ताबा-प्रक्रिया निवासी जागांपुरती आहे. गाळ्यासाठी न्यायालय गाठावे लागते. परंतु आखूड मुदत किंवा तोंडी बोली हा त्यावरचा उपाय नव्हे. कलम ५५ नुसार करार लेखी व नोंदणीकृत असणे सक्तीचे असून ती जबाबदारी मालकाची आहे. नोंदणी नसल्यास, अन्यथा सिद्ध होईपर्यंत, अटींबाबत भाडेकरूचेच म्हणणे ग्राह्य धरले जाते. म्हणून अनामत, वार्षिक भाडेवाढ, देखभाल खर्च आणि गाळा सोडण्याची पूर्वसूचना स्पष्ट लिहिलेला तीन ते पाच वर्षांचा नोंदणीकृत करारच दोघांच्या हिताचा ठरतो.