गोदावरीचा उतार आणि मुंबईची गोदी

बीड जिल्ह्याला समुद्र नाही, बंदर नाही आणि गोदावरी सोडली तर नावेला सांगण्याजोगे काम देईल अशी मोठी नदीही नाही; त्यामुळे महाराष्ट्राच्या जहाजबांधणीचा इतिहास लिहिणाऱ्यांनी या जिल्ह्याची दखल घेतलेली नाही, यात नवल नाही. मात्र जहाजे किनाऱ्यावर बांधली जात असली तरी ती ज्या मालासाठी बांधली जातात तो माल घाटावरून येतो, आणि आरमार बाळगणाऱ्या सत्तांचे भवितव्य अनेकदा समुद्रापासून फार लांब ठरते. या दृष्टीने पाहिल्यास बालाघाटाच्या पायथ्याचा हा कोरडा मुलूख सागरी इतिहासाच्या अगदीच बाहेर राहत नाही.

इसवी सनाच्या पहिल्या शतकात इजिप्तमधील एका अनाम ग्रीक व्यापाऱ्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या ग्रंथात, म्हणजे दर्यावर्दी व्यापाऱ्यांसाठी केलेल्या बंदरांच्या माहितीपुस्तकात, दख्खनमधील दोन मोठ्या बाजारपेठांची नावे येतात: पैठण आणि तगर. पैठण हे भडोचपासून दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर आणि तगर तेथून पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर असल्याचे लेखक सांगतो. पैठणहून गोमेदाच्या जातीचे दगड आणि तगरहून जाडेभरडे व तलम कापड गाड्यांवर लादून, धड रस्ता नसलेल्या मुलखातून भडोचला नेले जात असे, अशीही नोंद तो करतो. तगर म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातील तेर, हे आता सर्वमान्य आहे. नकाशावर पैठण आणि तेर यांना जोडणारी सरळ रेषा ओढली तर ती बीड शहराच्या जवळून जाते. प्राचीन गाडीवाट नेमकी त्या रेषेवरून गेली असेल असे म्हणता येत नाही, परंतु ती या जिल्ह्याच्या हद्दीला टाळून गेली असण्याचा संभव कमी आहे. ज्या सातवाहनांची राजधानी पैठणला होती, त्यांच्या काही नाण्यांवर दोन डोलकाठ्यांचे जहाज कोरलेले आढळते. ही नाणी पूर्व किनाऱ्याकडची असून त्यांतली काही यज्ञश्री सातकर्णीची आहेत. नदीकाठच्या राजधानीतून राज्य करणाऱ्या घराण्याने जहाज हे राजचिन्हासारखे मिरवावे, यावरून समुद्रावरच्या जकातीचे महत्त्व त्या दरबाराला पुरेपूर कळलेले होते असे अनुमान काढण्यास हरकत नाही.

मध्ययुगात आणि पुढे मराठेशाहीतही या भागातील लोकांना नाव ठाऊक होती ती समुद्रातली नव्हे, नदीतली. गोदावरी ही जिल्ह्याची उत्तर सीमा. उन्हाळ्यात ती उतारावरून, म्हणजे पाणी उथळ असलेल्या ठरावीक जागेवरून, पायी ओलांडता येई, परंतु श्रावण-भाद्रपदात तीच नदी दोन तीर एकमेकांपासून तोडून टाकत असे. अशा वेळी कोळी आणि भोई समाजांतील नावाड्यांच्या सपाट तळाच्या नावा, आणि त्याही न मिळाल्यास वाळलेले भोपळे एकत्र बांधून केलेली सांगड, एवढाच आधार उरे. माणसे कशीबशी पलीकडे जात, जनावरे पोहणीला लावली जात, आणि तोफा, दारूगोळा व धान्य यांच्यासाठी नावेच्या खेपांमागून खेपा कराव्या लागत. मोठ्या फौजेला भरलेली नदी ओलांडायची म्हणजे काही दिवसांचे काम होते, आणि त्या दिवसांत ती फौज दोन तुकड्यांत विभागलेली, म्हणून दुबळी असे.

१७६३ च्या पावसाळ्यात गेवराई तालुक्यातील राक्षसभुवनला हेच घडले. पुणे जाळून परतलेला निजाम अली औरंगाबादेकडे निघाला होता आणि नदीच्या दक्षिण तीरावरील राक्षसभुवनच्या उतारावरून त्याने फौज पलीकडे काढण्यास सुरुवात केली. तो स्वतः सैन्याच्या एका भागासह उत्तर तीरावर पोहोचला. मागे दक्षिण तीरावर त्याचा दिवाण विठ्ठल सुंदर उरलेल्या फौजेसह राहिला. नागपूरकर जानोजी भोसले निजामाची बाजू सोडून आधीच वेगळे झाले होते. १० ऑगस्ट १७६३ रोजी रघुनाथराव आणि अठरा वर्षांचे माधवराव पेशवे यांच्या फौजांनी या मागे राहिलेल्या भागावर झडप घातली, विठ्ठल सुंदर मारला गेला, आणि भरल्या पात्रामुळे निजामाला पैलतीरावरून मदत करता आली नाही. पानिपतानंतर अडीच वर्षांनी पेशव्यांना मिळालेला हा पहिला मोठा विजय. इतिहासग्रंथांत माधवरावांच्या शौर्याला आणि जानोजींच्या फितुरीला जेवढी जागा मिळते, तेवढी नावांच्या टंचाईला मिळत नाही. वास्तविक पुरेशा नावा हाताशी असत्या तर त्या दिवशी दक्षिण तीरावर कापून काढण्याजोगे फारसे सैन्य उरलेच नसते.

या विजयात नदीची एवढी साथ मिळालेल्या पेशवाईने समुद्राच्या बाबतीत मात्र सात वर्षांपूर्वीच आपल्या हाताने आपले नुकसान करून घेतले होते. फेब्रुवारी १७५६ मध्ये नानासाहेब पेशव्यांनी तुळाजी आंग्रे यांच्याविरुद्ध इंग्रजांची मदत घेतली आणि विजयदुर्गाच्या बंदरात आंग्र्यांचे आरमार जळून गेले. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडीच्या खाडीत सुरू केलेली जहाजबांधणी, गुराबा आणि गलबते यांचा मेळ घालून कान्होजी आंग्र्यांनी उभारलेला धाक, हे सारे त्या आरमारामागे होते. गुराब म्हणजे दोन किंवा तीन डोलकाठ्यांचे, तोफा वाहणारे मोठे जहाज. गलबत त्याहून लहान, वल्ह्यांवरही चालणारे आणि म्हणून वारा पडला तरी हालचाल करू शकणारे. रामचंद्रपंत अमात्य यांच्या नावे असलेल्या ‘आज्ञापत्रा’त आरमाराच्या लाकडाविषयी जी शिस्त सांगितली आहे ती आजही लक्षात घेण्याजोगी आहे: सागवानासारखे लाकूड परवानगीने तोडावे, पण आंबा आणि फणस ही झाडे उपयोगी असली तरी त्यांना हात लावू नये, कारण ती एका-दोन वर्षांत होत नाहीत आणि रयतेने ती लेकरांप्रमाणे वाढवलेली असतात, एखादे झाड जीर्ण झालेच असेल तर धन्याला राजी करून, मोबदला देऊन तोडावे. राज्याची जहाजे आणि रयतेची झाडे यांच्यातील ताण इतक्या स्पष्ट शब्दांत मांडणारे दुसरे मराठी लिखाण सापडणे कठीण आहे.

विजयदुर्गाच्या बंदरात ही हानी झाली तेव्हा मुंबईच्या बंदरात एक वेगळीच परंपरा मूळ धरून वीस वर्षे झाली होती. १७३६ मध्ये लवजी नसरवानजी वाडिया हे पारशी सुतार ईस्ट इंडिया कंपनीच्या बोलावण्यावरून काही कारागिरांसह सुरतेहून मुंबईला आले, आणि पुढे सुमारे दीडशे वर्षे मुंबईच्या गोदीतील प्रमुख जहाजबांधणाऱ्याचे पद त्यांच्याच घराण्यात राहिले. १७५० मध्ये तेथे सुकी गोदी तयार झाली. ती आशियातील अशा प्रकारची पहिली मानली जाते. सुकी गोदी म्हणजे किनाऱ्यात कोरून, दगडाने बांधून काढलेला आणि समुद्राच्या बाजूला दरवाजा असलेला हौद. भरतीच्या पाण्याबरोबर जहाज आत घ्यायचे, ओहोटीला पाणी उतरू द्यायचे, दरवाजा बंद करायचा आणि उरलेले पाणी उपसून तळ उघडा पाडायचा, अशी ही सोय. मुंबईत उधाणाच्या वेळी भरती-ओहोटीतील फरक चार मीटरहून अधिक असल्याने निम्मे काम समुद्रच करून टाकत असे.

वाडियांच्या जहाजांची ख्याती दोन गोष्टींवर उभी होती. पहिली म्हणजे सागवान: ओक लाकडातील आम्लाने लोखंडी खिळे गंजतात, तर सागाच्या अंगच्या तेलामुळे खिळे आणि लाकूड दोन्ही टिकतात. दुसरी म्हणजे सांधा. युरोपात फळीला फळी नुसती कडेने भिडवून मधली फट भरण्याची रीत होती. मुंबईत फळ्यांच्या कडांना खाच पाडून त्या एकमेकींत बसवल्या जात, मध्ये राळ आणि कापूस घातला जाई, आणि तळाला चुना व तेल यांचा थर दिला जाई. असे जहाज महाग पडे, पण दुरुस्तीला कमी येई, आणि इंग्लंडमध्ये नेपोलियनच्या युद्धांमुळे ओकची चणचण भासू लागली तेव्हा ब्रिटिश नौदलाने मुंबईकडे मोहरा वळवला. टेम्सकाठच्या जहाजबांधणाऱ्यांना हे रुचले नाही. तरीही जमशेदजी बमनजी वाडियांच्या देखरेखीखाली १८१० मध्ये ‘मिंडेन’ ही मोठी युद्धनौका पाण्यात उतरली, १८१३ मध्ये ‘कॉर्नवॉलिस’ तयार झाली आणि २९ ऑगस्ट १८४२ रोजी चीनने हाँगकाँग सोडून देणाऱ्या नानकिंगच्या तहावर सही केली ती याच मुंबईच्या सागवानी तक्तपोशीवर. १८२४ ची ‘एशिया’ तीन वर्षांनी नवारिनोच्या लढाईत ब्रिटिश सेनापतीचे निशाण वाहत होती.

या मालिकेतील ‘त्रिंकोमाली’ची हकिगत अधिक विस्ताराने सांगण्याजोगी आहे. तिचे आराखडे इंग्लंडहून ‘जावा’ नावाच्या जहाजातून निघाले, परंतु डिसेंबर १८१२ मध्ये ब्राझीलच्या किनाऱ्यालगत अमेरिकी युद्धनौकेने ‘जावा’ नष्ट केली आणि आराखडेही गेले. नवी प्रत यावी लागली. १८१६ मध्ये तळकण्याचा, म्हणजे जहाजाच्या कण्याप्रमाणे असलेल्या तळातील मुख्य तुळईचा, पाया घातला गेला तेव्हा पारशी रिवाजाप्रमाणे तीत चांदीचा खिळा ठोकण्यात आला. १२ ऑक्टोबर १८१७ रोजी ती पाण्यात उतरली, तोवर ज्या युद्धासाठी ती बांधायची होती ते संपलेही होते. पुढे ती प्रशिक्षण जहाज झाली, १८९७ मध्ये तिचे नाव बदलले, आणि १९८७ मध्ये इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावरील हार्टलपूल येथे तिला नेण्यात आले; दीर्घ डागडुजीनंतर ती आज तेथील नौदल संग्रहालयाचा मुख्य भाग आहे. तिचे बहुतांश लाकूड मूळचे असून पाण्यावर तरंगत असलेली ती सर्वांत जुनी ब्रिटिश युद्धनौका आहे. मुंबईच्या सुतारांनी खाचा पाडलेल्या फळ्या पाहायच्या असतील तर हार्टलपूलला जावे लागते.

फिनलंडमधील तुर्कू शहराशी तुलना केली तर ही विसंगती आणखी ठळक होते. औरा नदीच्या मुखाशी तेथे १७३७ मध्ये, म्हणजे लवजी मुंबईस आल्यानंतर अवघ्या वर्षभराने, जहाजबांधणीची गोदी सुरू झाली, आणि तिच्या वारशाची आजची गोदी जगातील सर्वांत मोठ्या प्रवासी जहाजांपैकी काही बांधते. तेथील ‘फोरम मारिनुम’ या सागरी संग्रहालयात नदीत उभी असलेली दोन प्रमुख शिडाची जहाजे मात्र तुर्कूची नाहीत: ‘सुओमेन योउत्सेन’ १९०२ मध्ये फ्रान्समधील सॅं-नाझेर येथे, आणि ‘सिगिन’ हे लाकडी जहाज १८८७ मध्ये स्वीडनमधील गोथेनबर्ग येथे बांधले गेले. १९३९ पासून ‘सिगिन’ संग्रहालयाच्या रूपात जपले गेले आहे. एका शहराने परक्यांची जहाजे सांभाळली, तर दुसऱ्याची जहाजे परक्यांनी सांभाळली. १९६१ मध्ये भारतीय नौदलात दाखल झालेली ‘विक्रांत’ ही विमानवाहू नौका मुंबईत २००१ पासून संग्रहालय म्हणून होती. २०१२ मध्ये ती बंद झाली, २०१४ मध्ये भंगारात निघाली, आणि तिच्या पोलादाचा काही भाग २०१६ मध्ये एका मोटारसायकलीच्या टाकीत वापरला गेला. स्मारकाचा हा प्रकार इतर देशांत फारसा आढळणार नाही.

लाकडी जहाजांचा काळ वाफेने संपवला. १८२९ मध्ये मुंबईतच बांधलेल्या ‘ह्यू लिंडसे’ने पुढच्या वर्षी सुएझपर्यंत वाफेवर मजल मारली, लवजींच्याच वंशातले अर्देशिर खरशेटजी वाडिया वाफेच्या यंत्रांकडे वळले आणि १८४१ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीचे सदस्य होणारे पहिले भारतीय ठरले. लोखंड आणि कोळसा जेथे स्वस्त, तेथे धंदा गेला. विसाव्या शतकात तो मुंबईला परत आला तो माझगाव गोदीत, जी सरकारने १९६० मध्ये ताब्यात घेतली.

याच गोदीत बीडच्या सीमेवरील नदीचे नाव धारण करणारी ‘गोदावरी’ बांधली गेली. ती फ्रिगेट होती, म्हणजे पाणबुड्या आणि विमाने यांपासून ताफ्याचे रक्षण करणारी मध्यम आकाराची युद्धनौका. ब्रिटिश ‘लिअँडर’ जातीचा आराखडा भारतीय अभियंत्यांनी वाढवून, दोन सी-किंग हेलिकॉप्टरे मावतील असा केला आणि त्यावर सोव्हिएत क्षेपणास्त्रे व पाश्चात्त्य उपकरणे एकत्र बसवली. १५ मे १९८० रोजी ती पाण्यात उतरली, १० डिसेंबर १९८३ रोजी नौदलात दाखल झाली. तिच्या मागोमाग ‘गंगा’ आणि ‘गोमती’ आल्या. ‘गोदावरी’ २०१५ मध्ये निवृत्त झाली, ‘गंगा’ २०१८ मध्ये आणि ‘गोमती’ २०२२ मध्ये. शेवटच्या जहाजाचे भाग लखनऊला गोमतीच्या काठी संग्रहालय करण्यासाठी उत्तर प्रदेश सरकारला देण्याचे ठरले. लखनऊ मुंबईपासून आणि कोणत्याही समुद्रापासून बीडपेक्षा कितीतरी दूर आहे. गोदावरीकाठी अशा वस्तूंना जागा द्यायची झाली तर तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयातील रोमन व्यापाराच्या खुणा जवळच आहेत, आणि राक्षसभुवनच्या उतारावर तर एका नदीपाराने राज्याचा निकाल लागला होता.