बीडीडी चाळ पुनर्विकास

मुंबईत वरळी, नायगाव आणि ना. म. जोशी मार्ग येथील सरकारी चाळी पाडून उत्तुंग इमारती उभारण्याचा म्हाडाचा प्रकल्प. ‘बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट’ने १९२०च्या दशकात बांधलेल्या या चाळींची संख्या शिवडीसह २०७ होती. शिवडीची जमीन बंदर प्राधिकरणाची असल्याने ती प्रकल्पाबाहेर राहिली. सुमारे १६० चौरस फुटांची एक खोली आणि मजल्याला सामायिक शौचालये, एवढ्यावर गिरणी कामगारांच्या पिढ्या जगल्या. १९३०च्या सत्याग्रहात वरळीच्या चाळी तुरुंग म्हणून वापरल्या गेल्या. जानेवारी १९७४ची वरळीची दंगल आणि दलित पँथरचा लढा येथेच घडला. कामगारवस्तीतील चळवळींचा हा वारसा नव्या आराखड्यात ठळकपणे जपायला हवा.

एप्रिल २०१७ मध्ये भूमिपूजन झाले. पात्र भाडेकरूला ५०० चौरस फुटांचे मालकी हक्काचे घर मोफत मिळते. खर्च उरलेल्या जागेतील घरे बाजारभावाने विकून भागवायचा आहे. मात्र पुनर्वसनाच्या आणि विक्रीच्या इमारती वेगळ्या असल्याने जुने रहिवासी आणि नवे खरेदीदार यांचा शेजार भूखंडापुरताच राहतो. वरळीतील पहिल्या ५५६ कुटुंबांना ऑगस्ट २०२५ मध्ये चाव्या मिळाल्या.

छत्रपती संभाजीनगरातील लेबर कॉलनीची सरकारी घरे मात्र मे २०२२ मध्ये पाडली गेली, ती प्रशासकीय संकुलासाठी. जुन्या रहिवाशांना त्याच जागी, मालकीने घर देणे हेच बीडीडी प्रकल्पाचे खरे मोल आहे.