खटका

माझ्या उजव्या हाताच्या तर्जनीवर, मधल्या पेराच्या जरा खाली, एक आडवी पांढरी खूण आहे. वयाच्या बाराव्या वर्षी आकाशकंदिलासाठी कामट्या तासत असता चाकूचे टोक बांबूच्या पेरात रुतले. मी ते हिसकून काढू गेलो, आणि पाते माझ्याच बोटावर मिटले. ते पेर आजही पुरते वाकत नाही. वडिलांनी हळद दाबली आणि म्हणाले, "चाकूला दोष देऊ नकोस. टोकाने जोर करायला मिटता चाकू नसतोच मुळी."

वडिलांचे म्हणणे खरे होते. पण बोट माझे होते, आणि मिटत्या चाकूने मिटूच नये असे काही करता येते का, हा प्रश्न तेव्हापासून मनात राहिला. पुढे जमेल तसे वाचत गेलो आणि कळले, की पुष्कळ शहाण्या कारागिरांनी ह्याच प्रश्नापायी आयुष्ये घालवली आहेत.

मिटता चाकू फार जुना. ऑस्ट्रियातील हालश्टाट येथे हाडाच्या मुठीचा एक सापडला, तो इ. स. पूर्व ६०० ते ५०० ह्या काळातला मानतात. रोमन लोकांपाशीही असे चाकू होते. पाते ज्या खिळ्यावर उघडते त्याच खिळ्यावर ते मिटते, ही मात्र त्या वस्तूची जन्मखोड. पुढे मुठीच्या पाठीशी पोलादी कमान आली. ती पात्याच्या बुडाशी दाबून बसते आणि पाते उघडे राहते. शेफील्डच्या कारागिरांनी असे चाकू जगभर पोहोचवले, आणि माझा लहानपणचा चाकू त्याच जातीचा होता. ही कमान पात्याला थांबण्याची विनंती करते, एवढेच. जोर आला की विनंती संपली!

येथे एक खुलासा केला पाहिजे. 'खटक्याचा चाकू' म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे हिंदी बोलपटातला खलपुरुष उभा राहतो, आणि कळ दाबताच सटकन उघडणारे पाते. मी ज्या खटक्याबद्दल लिहितो आहे तो उघडण्याचा नव्हे. उघडलेले पाते मिटू न देणारा तो खटका. एकाचे काम भिववण्याचे, दुसऱ्याचे बोट वाचवण्याचे. नाव मात्र दोघांचे एकच, ह्याला इलाज नाही.

असा खटका स्पेनच्या नवाहा नामक चाकूत एकोणिसाव्या शतकात चांगलाच रूढ होता. आल्बासेते हे गाव त्यासाठी प्रसिद्ध आहे. पात्याच्या बुडाला दाते, आणि पाठीच्या कमानीत ते अडकवण्याची सोय. पाते उघडताना रहाटासारखा कर्र कर्र आवाज होई. ऐकणाऱ्याच्या पोटात गोळा उठावा म्हणून तो मुद्दाम राखला होता, असे म्हटले जाते. पण दाते झिजले की पाते खुळखुळू लागते, आणि झिजलेला दाता पुन्हा वाढत नाही.

हीच खरी गोम आहे. नवा खटका कोणताही चांगलाच असतो. परीक्षा होते ती दहा हजार वेळा उघडमीट झाल्यावर. लोखंड लोखंडावर घासणार, झीज होणार. ती झीज कोणत्या बाजूला जाऊ द्यायची, हे ज्याने आधी ठरवले त्याचा खटका टिकला.

१९६४ साली अमेरिकेत आल बक ह्यांनी बाजारात आणलेला 'बक ११०' घ्या. पितळेच्या टोप्यांची जड मूठ, आणि पाठीवर डोलणारी पोलादी दांडी. तिचा दात पात्याच्या खाचेत बसतो. चाकू दणकट, शिकाऱ्यांनी त्याला डोक्यावर घेतले. पण दात आणि खाच झिजली की पाते वरखाली हलू लागते, आणि खाचेत कचरा भरला तर दात पुरता बसतच नाही.

त्याआधीच, १९५५ साली, फ्रान्सच्या साव्वा प्रांतात मार्सेल ओपिनेल ह्यांनी फार सोपी युक्ती काढली होती. त्यांच्या घराण्यातील जोसेफ ओपिनेल ह्यांनी १८९० साली काढलेला बीचच्या लाकडी मुठीचा शेतकऱ्याचा चाकू त्यांनी घेतला आणि गळ्याशी एक फिरती पोलादी कडी बसवली. कडी फिरवली की पात्याची वाट बंद. जितकी फिरवाल तितकी घट्ट. थोडी झीज झाली तर कडी केसभर पुढे फिरवायची, एवढेच. पावसात लाकूड फुगले की पाते उघडता उघडत नाही, हा दोष खरा; पण इतक्या स्वस्त वस्तूत इतकी अक्कल मी क्वचित पाहिली आहे.

तोच विचार महागड्या चाकूंत वेगळ्या वाटेने आला. मुठीच्या आत अस्तरासारखी धातूची पट्टी असते. ती चिरून तिचा एक भाग आत वाकवायचा. पाते उघडले की तो आपोआप पात्याच्या बुडामागे येऊन टेकतो. ह्या कल्पनेचे एक पेटंट अमेरिकेत १९०६ साली कॅटरॉगस कटलरी कंपनीसाठी घेतले गेले होते, आणि तारवाल्यांच्या चाकूंत ती पुष्कळ वर्षे मुकाट्याने वापरात होती. १९८० नंतर मायकेल वॉकर ह्यांनी तिचे सोने केले. त्यांनी पाठीची कमान काढूनच टाकली. मिटलेले पाते जागी धरायला एक इवलीशी गोळी बसवली, आणि उघडे धरण्याचे सगळे काम त्या पट्टीवर सोपवले.

पात्याचे बुड जेथे पट्टीला टेकते तेथे ते सरळ कापलेले नसते; सात-आठ अंशांचा उतार ठेवतात. दाराखाली पाचर सारावी तशी पट्टी त्या उतारावर चढते. झीज झाली की ती आणखी जराशी आत सरकते, आणि पाते होते तसेच घट्ट राहते. नव्या चाकूत पट्टी बुडाच्या कडेशी असते, जुन्यात मध्यावर, म्हाताऱ्यात पलीकडच्या भिंतीजवळ. चाकूचे वय असे उघड्या डोळ्यांनी वाचता येते. उतार अधिक ठेवला तर पट्टी घसरते, कमी ठेवला तर रुतून बसते. कारागिराची सारी परीक्षा त्या एकदोन अंशांत!

क्रिस रीव्ह ह्या मूळच्या दक्षिण आफ्रिकेतील कारागिराने १९८७ साली वेगळे अस्तरच काढून टाकले आणि टायटॅनियमच्या जाड मुठीलाच चीर देऊन तिचा खटका केला. पुढे अमेरिकेत आयडाहो राज्यातील बॉयझी येथे त्यांनी काढलेला 'सेबेंझा' ह्याच खटक्याचा. हा झुलू शब्द, अर्थ 'काम'. येथे आपण मूठ आवळली की खटकाही आवळला जातो. जोर करणाऱ्या हातानेच आपले बोट राखावे, ही कल्पना मला फार आवडते.

परंतु टायटॅनियम पोलादाला चिकटते. खटका अडखळतो, सोडवताना अंगठा दुखतो. म्हणून त्या टोकाला उष्णतेने कठीण करणे आले. काहींनी तेथे बदलता येणारा पोलादी तुकडा बसवला. आणि २०१२ च्या 'सेबेंझा २५' मध्ये रीव्ह ह्यांनी तेथे चिनी मातीच्या जातीची एक अतिकठीण गोळीच बसवली.

माझा भाचा अमेरिकेत असतो. गेल्या वर्षी त्याने असाच एक चाकू माझ्या हाती ठेवला. "मामा, हा मिटायचा नाही." किंमत चारशे डॉलरांच्या वर! मी म्हटले, "अरे, एवढ्यात माझ्या वडिलांनी बैलजोडी घेतली असती." त्याने हसून खटका कसा सोडवायचा ते दाखवले.

यंदा नातीच्या आकाशकंदिलासाठी मी त्याने कामट्या तासल्या. टोक पुन्हा एकदा पेरात रुतले. मी हात थांबवला, चष्मा वर केला आणि पट्टी कोठे टेकली आहे ते पाहिले. अजून कडेशीच होती. तरी तर्जनी आपली आपण पात्याच्या वाटेतून बाजूला झालेली होती.