कौल, उमेदवार आणि मुलाखत : वैद्यक परिषदेच्या निवडीविषयी एक टिपण

संस्थांचा इतिहास बहुधा कायद्यांच्या कलमांवरून लिहिला जातो. परंतु संस्था ज्या शब्दांनी चालतात त्या शब्दांचाही एक इतिहास असतो, आणि तो कलमांत न सापडणारे काही सांगून जातो. वैद्यक व्यवसायाचे नियमन करणाऱ्या मंडळावर माणसे कशी निवडावीत, हा प्रश्न या दृष्टीने पाहावयाचा आहे.

प्रारंभ मालवण किनाऱ्यावरील आचऱ्यापासून करणे सोयीचे होईल. काही वर्षांच्या अंतराने आचऱ्याचे ग्रामस्थ श्रीरामेश्वराचा कौल घेऊन गुराढोरांसह तीन दिवस गावाबाहेर राहावयास जातात. ही तेथील प्रसिद्ध गावपळण होय. ‘कौल’ हा मुळात अरबी शब्द. त्याचा अर्थ बोल, वचन. मराठेशाहीच्या दप्तरांत रयतेस दिलेले अभयपत्र म्हणजे कौलनामा. दक्षिण कोकणात तोच शब्द देवाच्या निर्णयास लागला, आणि अलीकडे वृत्तपत्रांनी ‘मतदारांचा कौल’ रूढ केला. राजाचे वचन, देवाचा निर्णय, मतदारांचा निवाडा, अशा तीन पायऱ्या एकाच शब्दाने ओलांडल्या.

‘उमेदवार’ हा फारसीतून आलेला. उमेद बाळगणारा तो उमेदवार. कचेरीत पुढेमागे जागा मिळेल या आशेवर बिनपगारी काम करणे म्हणजे उमेदवारी करणे. निवडणुकीस उभा राहणारा हा अर्थ नंतरचा. ‘मुलाखत’ म्हणजे मूळची केवळ भेट. भेटीचे परीक्षेत रूपांतर झाले ते नोकरशाहीच्या काळात. उमेदवाराला प्रथम काम करून दाखवावे लागे, मग बोलून दाखवावे लागले, आणि पुढे केवळ मते मिळविणे पुरेसे ठरले, असा हा अर्थक्रम आहे.

वैद्यक मंडळांचा इतिहास या क्रमाशी ताडून पाहण्याजोगा आहे. इंग्लंडात १८५८च्या कायद्याने सर्वसाधारण वैद्यक परिषद स्थापन झाली. तीत सामान्य डॉक्टरांनी थेट निवडलेले प्रतिनिधी आले ते १८८६च्या कायद्याने. मुंबई इलाख्यात ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ साली सुरू झाले, पण डॉक्टरांची कायदेशीर नोंदवही व परिषद यांसाठी १९१२च्या मुंबई वैद्यक अधिनियमापर्यंत थांबावे लागले. या परिषदेत काही सभासद सरकारनियुक्त, तर काही निवडलेले असत. आचरा त्या वेळी रत्नागिरी जिल्ह्यात होते, म्हणून हा कायदा तेथेही लागू होता. परंतु खेड्यातला वैद्य या नोंदवहीबाहेरच राहिला. वैद्य-हकिमांच्या नोंदणीची सोय मुंबई प्रांतात १९३८च्या कायद्याने झाली. राज्यस्थापनेनंतर १९६५ साली महाराष्ट्र वैद्यक परिषदेचा अधिनियम आला.

या सर्व रचनांत मतदार कोण, हे महत्त्वाचे आहे. निवडून द्यावयाच्या जागांसाठी मतदान करतो तो व्यावसायिकच. ज्याच्या तक्रारीचा न्याय मंडळाने करावयाचा, त्या रुग्णाला मत नाही, आणि उमेदवारास प्रश्न विचारण्याची जागाही नाही. तक्रारींची चौकशी तुम्ही कशी कराल, सहव्यावसायिकावर कारवाई करण्याची वेळ आली तर काय कराल, हे प्रश्न मतपत्रिका विचारू शकत नाही.

इंग्लंडने ही अडचण ओळखली. तेथील परिषदेतील निवडणूक २००९ साली संपली. सर्व सभासद नेमले जाऊ लागले, आणि त्यांपैकी निम्मे व्यवसायाबाहेरचे असतात. आपल्याकडे २०१९च्या अधिनियमाने भारतीय वैद्यक परिषदेच्या जागी राष्ट्रीय वैद्यकीय आयोग आणला. अध्यक्षांसाठी शोधसमिती नेमण्याची तरतूद झाली. तेहतीस सभासदांपैकी तीन जागा कायदा, नीतिशास्त्र, रुग्णहक्क आदी क्षेत्रांतील व्यक्तींसाठी ठेवल्या गेल्या. राज्यांकडून आलेल्या नावांतून काही सभासदांची निवड मात्र ऑक्टोबर २०१९मध्ये चिठ्ठ्या टाकून करण्यात आली.

चिठ्ठी आणि कौल यांना एकच समजणे चुकीचे ठरेल. चिठ्ठी पक्षपात टाळते, पण ती कोणाचेच ऐकत नाही. कौलाच्या आधी गाऱ्हाणे असते. गावाच्या वतीने देवापुढे अडचण मोठ्याने मांडली जाते, आणि मगच उत्तराची वाट पाहिली जाते. तेथे प्रश्न विचारणारा तोच असतो, ज्याला परिणाम भोगावयाचा आहे.

मुलाखतीची पद्धत निर्दोष आहे असे नव्हे. विचारणारे कोणी नेमले, यावर तिची किंमत ठरते. नेमणारे सरकारच असेल तर व्यवसायाचे स्वातंत्र्य जाते, आणि केवळ व्यावसायिकच असतील तर रुग्ण जातो. म्हणून निवडणूक की नेमणूक, हा वाद अपुरा आहे. उमेदवारासमोर गाऱ्हाणे कोण मांडणार, हे आधी ठरले पाहिजे. १९१२पासूनच्या कायद्यांनी नोंदवही दिली, मते दिली, समित्या दिल्या. रुग्णाला विचारणाऱ्याच्या आसनावर बसविण्याचे काम अद्याप बरेचसे बाकी आहे.